खासदार-आमदाराने मतदान कसं केलं हे कुठे कळतं? आणि हजेरी-प्रश्नांच्या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा?

गुहागर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय की त्यांच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन कार्डं फिरतायत. एकावर खासदारांची हजेरी आणि प्रश्नांचा आकडा मोठ्ठ्या अक्षरांत आहे, दुसऱ्यावर "यांनी अमुक विधेयकाच्या बाजूने मत दिलं, लक्षात ठेवा" असं लिहिलंय. वाडीत दोन तट पडलेत. त्यांना जाणून घ्यायचंय की मतदानाची खरी नोंद कुठे मिळते, हे आकडे कितपत खरे मानायचे, आणि आमदाराचंही असंच बघता येतं का.

ताई, मी बरीच वर्षं आमदारांच्या ऑफिसात अधिवेशनाचं कामकाज बघितलंय, म्हणजे प्रश्न लिहायचे, लक्षवेधी (मंत्र्याला एखाद्या विषयावर निवेदन द्यायला लावणाऱ्या सूचना) तयार करायच्या, उत्तरं आली की ती वाचून उपप्रश्न काढून द्यायचे, हे काम. त्यामुळे जरा सविस्तर सांगतो, लांबलं तर समजून घ्या.

सगळ्यात आधी आपला खासदार कोण ते नीट बघा. गुहागर आणि दापोली हे रत्नागिरी जिल्ह्यात असले तरी लोकसभेला ते रायगड मतदारसंघात येतात, पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड यांच्याबरोबर. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर आणि सिंधुदुर्गातले कणकवली, कुडाळ, सावंतवाडी मिळून रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघ होतो. २००८ च्या पुनर्रचनेनंतर हे असं झालंय आणि अजूनही गुहागरातली माणसं रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खासदाराचं कार्ड आपल्या खासदाराचं म्हणून पुढे पाठवतात. तुमच्या ग्रुपवरची कार्डं आधी या चाळणीतून काढा.

आता मतदान. तुम्हाला वाटतं तशी प्रत्येक विधेयकावर प्रत्येक खासदाराच्या मताची नोंद होतच नाही. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात बाजूचे कोण, विरोधातले कोण, दोन्हीकडून आरडाओरडा होतो, अध्यक्ष म्हणतात बाजूने बहुमत आहे, संपलं. कोणी काय म्हटलं याची नावानिशी नोंद राहत नाही. कोणी सदस्याने त्या निर्णयाला तिथल्या तिथे आव्हान दिलं आणि मतविभागणी मागितली तरच नावं नोंदली जातात. मग घंटा वाजते, साडेतीन मिनिटं, लॉबी मोकळी करतात, दारं बंद होतात, आणि सदस्य आपापल्या जागेवरून बटण दाबतात, हिरवं बाजूने, लाल विरोधात, पिवळं तटस्थ. ज्यांचं बटण चाललं नाही किंवा चुकून दुसरंच दाबलं गेलं ते चिठ्ठीवर मत लिहून देतात, म्हणून फळ्यावर झळकलेला पहिला आकडा आणि कार्यवाहीत छापलेला आकडा यात फरक पडू शकतो. अशा वेळी छापलेला धरायचा. त्या दिवसाच्या कार्यवाहीत बाजूने, विरोधात आणि तटस्थ अशी नावांची यादी असते आणि चिठ्ठीने दुरुस्त केलेली मतं खाली टीपेत असतात. संसदेच्या साइटवर तारीख टाकून ती कार्यवाही काढता येते. ही यादी म्हणजेच पुरावा, बाकी कार्डावर काय छापलंय त्याला काही अर्थ नाही.

घटनादुरुस्तीला मतविभागणी लागतेच, कारण तिथे एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश असं दुहेरी बहुमत मोजून दाखवावं लागतं. म्हणून महिला आरक्षणाचं विधेयक सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असं मंजूर झालं त्याची नोंद आहे, आणि ते मतदान नव्या इमारतीत चिठ्ठ्यांवर झालं होतं. वक्फ दुरुस्ती विधेयक साधं होतं, म्हणजे घटनादुरुस्तीचं नव्हतं, पण एप्रिल २०२५ मध्ये मतविभागणी झाली, लोकसभेत २८८ विरुद्ध २३२. आणि डिसेंबर २०२४ मधलं एकत्र निवडणुकांचं घटनादुरुस्ती विधेयक, त्यावर २६९ विरुद्ध १९८ असं मतदान झालं ते ते विधेयक सभागृहात मांडू द्यायचं की नाही एवढ्यापुरतं होतं, मांडायला साधं बहुमत पुरतं. "विधेयक पास झालं, तुमच्या खासदाराने हो म्हटलं" असं जर तुमच्या कार्डावर त्या २६९ च्या जोरावर लिहिलं असेल तर ते साफ चुकीचं आहे. कुठल्या टप्प्यावरचं मतदान आहे हे नेहमी बघा. मांडणं, दुरुस्त्या, एकेक कलम, आणि शेवटी मंजुरी, हे सगळे वेगवेगळे टप्पे आहेत आणि माणूस एका दुरुस्तीला विरोध करून शेवटी विधेयकाला पाठिंबा देऊ शकतो.

पण माझं मत विचाराल तर, ताई, ही यादी मिळाली तरी तिच्यातून तुमच्या खासदाराबद्दल फार कमी कळतं, त्याच्या पक्षाबद्दल कळतं. कारण व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षाने आपल्या सदस्यांना काढलेला आदेश. १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं, पक्षांतरबंदी कायदा म्हणतो तो. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा आधी परवानगी न घेता मतदानाला गैरहजर राहिलं आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. १९९२ च्या किहोटो होलोहान खटल्यात सुप्रीम कोर्टाने कायदा टिकवला पण असंही म्हटलं की व्हिपची ही ताकद सरकार टिकण्या-पडण्याच्या मतदानापुरती आणि पक्षाच्या मूळ धोरणाच्या विषयांपुरती असावी. प्रत्यक्षात पक्ष वाट्टेल त्या विधेयकाला तीन ओळींचा, म्हणजे सगळ्यात कडक, व्हिप काढतात. त्यामुळे "आमच्या खासदाराने कोकणाचा विचार न करता मत दिलं" असा राग काढताना त्याच्या हातात किती होतं हेही बघायला हवं. त्याच्या हातात होतं ते बोलणं. मत पक्षाचं असलं तरी भाषण त्याचं स्वतःचं असतं, पक्षाच्या बैठकीत काय बोलला ते आपल्याला दिसत नाही पण सभागृहात काय बोलला ते शब्दशः छापलेलं असतं.

पक्षाची भूमिका कशी फिरते याचं आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. जुलै २०१८ मध्ये मोदी सरकारवर अविश्वास ठराव आला, १२६ विरुद्ध ३२५ ने पडला, तेव्हा कोकणातल्या या दोन्ही जागा शिवसेनेकडे होत्या आणि सत्तेत असूनही शिवसेना त्या मतदानापासून लांब राहिली. पुढच्या वर्षी डिसेंबरात नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला शिवसेनेने लोकसभेत पाठिंबा दिला आणि दोन दिवसांत राज्यसभेत मात्र सभात्याग केला. एकच पक्ष, एकच विधेयक. म्हणून एका सभागृहातलं मत दुसऱ्या सभागृहातल्या माणसाच्या नावावर खपवू नका. आणि गैरहजर, तटस्थ आणि विरोधात या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, यादीत नाव नाही याचा अर्थ विरोध केला असा होत नाही, दिल्लीत आजारी पडलेला माणूसही यादीत नसतो.

विधानसभेत हे आणखी अवघड. तिथेही आवाजी मतदानाचाच रिवाज, आणि मोजायची वेळ आली तर शिरगणती, म्हणजे सदस्य एकेक करून उभे राहून आपलं नाव आणि मत सांगतात. जुलै २०२२ मध्ये अध्यक्षपदाची निवड १६४ विरुद्ध १०७ आणि दुसऱ्या दिवशी विश्वासदर्शक ठराव १६४ विरुद्ध ९९, हे असं मोजलं गेलं. त्या वेळी शिवसेनेत फूट पडली होती आणि एकाच पक्षाचे दोन व्हिप निघाले होते, एक ठाकरे गटाच्या सुनील प्रभूंचा आणि एक शिंदे गटाचे महाडचे आमदार भरत गोगावलेंचा. सुप्रीम कोर्टाने मे २०२३ मध्ये सांगितलं की व्हिप (इथे अर्थ, तो आदेश काढणारा प्रतोद) नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही, आणि गोगावलेंना त्या वेळी अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदेशीर ठरवली. मग मूळ पक्ष कोणता हे ठरवताना जानेवारी २०२४ मध्ये अध्यक्षांनी गोगावलेंची नेमणूक वैध धरली. हे एवढ्यासाठी सांगतोय की "व्हिप मोडला" हे वाक्य सुद्धा सरळ नाही, कुणाचा व्हिप हे आधी ठरावं लागतं.

आणि आवाजी मतदानातही माणूस स्वतःची नोंद करून ठेवू शकतो बरं का. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं, मतविभागणी नाही, पण डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी उभं राहून विरोध केला तो कार्यवाहीत आहे. विधेयक तुम्हाला पटो न पटो, ते बाजूला ठेवा. एकटा आमदार, पाठीशी संख्या नाही, तरी उभा राहून बोलला की त्याची बाजू कायमची लिहिली जाते. म्हणून मी मतदानाच्या यादीपेक्षा भाषण शोधायला सांगतो.

आता हजेरी. लोकसभेत सदस्याने हजेरीची नोंद केली की तो दिवस धरला, दैनिक भत्त्यासाठी ती लागते. नोंद करून पंधरा मिनिटांनी बाहेर पडला तरी दिवस भरला आणि संध्याकाळी आठपर्यंत चर्चेला बसला तरी तेवढाच एक दिवस. मंत्री, अध्यक्ष, विरोधी पक्षनेते अशी नोंद करत नाहीत, त्यामुळे त्यांची हजेरी कोरी दिसते. तसंच मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. आपल्या राजापूरचे खासदार मधु दंडवते १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते, त्या काळात त्यांच्या नावावर प्रश्न शोधाल तर सापडणार नाहीत, पण सेकंड क्लासच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्याच काळात. तेव्हा मंत्री असलेल्या खासदाराची शून्याची कार्डं काढून हिणवणं बरोबर नाही, त्यांचं मोजमाप दुसऱ्या बाजूने करायचं. आणखी एक, डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित झाले, त्या दिवसांत ते हजर राहूच शकत नव्हते. ९२ टक्के की ७८ टक्के यावरून माणूस चांगला-वाईट ठरवायला मी कधीच तयार होणार नाही. तीस-चाळीस टक्के असेल आणि आजारपणाचं कारण नसेल तर मात्र विचारा, आणि जोरात विचारा. परवानगीशिवाय सलग ६० दिवस गैरहजर राहिलं तर जागा रिकामी जाहीर करता येते असं घटनेतच आहे.

पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या साइटवर खासदाराचं नाव टाकलंत की हजेरी, चर्चा, प्रश्न, खाजगी विधेयकं (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली) हे चार आकडे आणि शेजारी देशाची आणि राज्याची सरासरी मिळते. तुमच्या ग्रुपवरचं पहिलं कार्ड बहुतेक तिथूनच उचललेलं असणार. आकडे बरोबर असतात, फक्त आकड्यावर थांबू नका, खाली यादी असते ती उघडा. चर्चेतल्या सहभागात शून्य प्रहरातलं (तातडीचे विषय मांडायची वेळ) एका मिनिटाचं निवेदन आणि अर्थसंकल्पावरचं वीस मिनिटांचं भाषण दोन्ही एकेकच मोजलं जातं. शून्य प्रहरात बोललेल्याला मंत्र्याने तिथे उत्तर द्यायचं बंधन नसतं, त्यामुळे रील मस्त होतं, गावात फिरतं, आणि पुढे काही होत नाही. त्यापेक्षा नियम ३७७ खाली दिलेला विषय बरा, त्याला मंत्रालयाकडून लेखी उत्तर येतं, पण त्याचं रील होत नाही म्हणून कोणी सांगत नाही.

प्रश्नांवर जरा थांबतो, कारण खरा माल इथे आहे. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात, नोटीस १५ दिवस आधी, कुणाचा लागणार ते लॉटरीने. तारांकित म्हणजे तोंडी उत्तर आणि त्यावर उपप्रश्न, पण तासाभरात त्या वीसातले चार-पाच-सहाच होतात, बाकीच्यांची उत्तरं पटलावर ठेवतात. अतारांकितला फक्त लेखी उत्तर. म्हणजे कोणाचे तारांकित जास्त लागले यात नशिबाचा भाग मोठा आहे, त्याचं श्रेय-अपश्रेय देऊ नका. दुसरं असं की एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र करतात, एका प्रश्नावर दहा-दहा खासदारांची नावं असतात आणि प्रत्येकाच्या खात्यात एक एक पडतो. आपल्या विधानसभेत तर एका तारांकित प्रश्नावर वीस-पंचवीस नावं सर्रास दिसतात, पहिलं नाव ज्याचं त्याने प्रश्न लिहिलाय असं साधारण धरायचं, बाकीच्यांच्या सह्या असतात. चारशे प्रश्नांतले किती त्याचे स्वतःचे आणि किती नुसते नाव लावलेले हे यादी उघडल्याशिवाय कळत नाही. आणि कुणासाठी विचारले हेही बघायचं. २००५ साली पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल ११ खासदारांना घरी पाठवलं होतं, तेव्हापासून ही बाजू कोणी हसण्यावारी नेत नाही. रत्नागिरी किंवा रायगडच्या खासदाराच्या यादीत मासेमारी, महामार्ग, कोकण रेल्वे, आंबा-काजू, वादळाची भरपाई यातलं काहीच नाही आणि कुठल्यातरी लांबच्या उद्योगाबद्दल बारीकसारीक दहा प्रश्न आहेत, असं दिसलं तर कान टवकारा.

मग प्रश्नाचा मजकूर वाचा. समजा एलईडी मासेमारीचा, म्हणजे प्रखर दिव्यांनी मासे ओढून पकडण्याचा, विषय आहे, जो तुमच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं पेटलेला आहे. विधानसभेतला प्रश्न साधारण असा येतो: "(१) गुहागर व दापोली तालुक्यांच्या किनाऱ्यालगत एलईडी दिव्यांच्या साहाय्याने अवैध मासेमारी होत आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने याबाबत चौकशी केली आहे काय, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" हा साचा आहे, विषय बदलून कुठेही बसतो. उत्तर येणार, "(१) हे अंशतः खरे आहे. (२) कारवाई करण्यात येत आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही." सगळे मोकळे. आता दुसऱ्या भागात एवढंच घाला: "असल्यास, मागील हंगामात किती नौकांवर कारवाई केली, किती दंड आकारला व त्यापैकी प्रत्यक्षात किती वसूल झाला, जिल्ह्यात गस्ती नौका किती व त्यापैकी चालू स्थितीत किती?" आता खात्याला आकडा द्यावाच लागतो, आणि आकारलेला दंड आणि वसूल झालेला दंड यातली दरी कागदावर आली की पुढच्या अधिवेशनात त्याच आकड्याला धरून पुढचा प्रश्न लावता येतो. ज्या आमदाराच्या प्रश्नात "प्रत्यक्षात किती वसूल" असले शब्द दिसतात तिथे कोणीतरी अभ्यास करतंय हे ओळखावं.

आणि प्रश्न योग्य दारात विचारलाय का तेही बघा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याची, १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा राज्याचा, २०२१ मध्ये दंडाच्या रकमा वाढवल्या त्याही राज्यानेच. त्यापलीकडचं पाणी केंद्राचं, एलईडीवरची २०१७ ची बंदी तिथली. खासदाराने १२ मैलांच्या आतल्या पर्ससीनबद्दल (मोठ्या वेढ्याच्या जाळ्याची मासेमारी) दिल्लीत विचारलं तर उत्तर येणार की हा विषय राज्याच्या अखत्यारीत आहे, तरी त्याच्या खात्यात एक प्रश्न जमा होतो. उलट आमदाराने १२ मैलांच्या बाहेरचं विचारलं की मुंबईतून उत्तर येतं, केंद्राकडे पाठपुरावा सुरू आहे. महामार्गाचं थोडं वेगळं आहे, राष्ट्रीय महामार्ग म्हणून मंत्रालय केंद्राचं, पण पनवेल ते इंदापूर एनएचएआयकडे (केंद्राच्या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे) आणि इंदापूरच्या पुढे झारापपर्यंत राज्याच्या सार्वजनिक बांधकामच्या महामार्ग विभागाकडे, त्यामुळे खासदार आणि आमदार दोघांनाही विचारता येतं आणि दोघांनाही "तो माझा विषय नाही" असं म्हणता येत नाही.

आता जी गोष्ट सगळ्यात कमी बघितली जाते आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती, आश्वासनं. मंत्री सभागृहात उत्तर देताना "हा विषय विचाराधीन आहे", "मी तपासून बघतो", "माहिती घेऊन सदस्यांना कळवतो" असं म्हणाला की ते नुसतं बोलणं राहत नाही, त्याची आश्वासन म्हणून नोंद होते. लोकसभेत शासकीय आश्वासनांची समिती आहे, अशा शब्दप्रयोगांची यादीच तिच्याकडे ठरलेली आहे, आणि आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, नाही झालं तर मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते. विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. म्हणजे हुशार सदस्य उपप्रश्न असा विचारतो की मंत्र्याला काहीतरी कबूल करावं लागेल. तारांकित प्रश्नाची ताकद तीच आहे, लोकसभेत मूळ प्रश्न विचारणाऱ्याला दोन उपप्रश्न मिळतात आणि त्या दोनात तारीख पदरात पाडून घ्यायची असते. मला विचाराल तर एक आश्वासन पदरात पाडून, ते समितीत लावून धरून पुरं करून घेतलेला आमदार हा पाचशे अतारांकित प्रश्नवाल्यापेक्षा केव्हाही भारी. पण कुठल्याही कार्डावर आश्वासनाचा रकाना नसतो. तुम्ही तो काढा.

विधानसभेत प्रश्नांशिवाय लक्षवेधी असते, त्यात मंत्र्याचं निवेदन आणि मग उलटतपासणी, इथे आमदाराची तयारी उघडी पडते. अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा, नियम २९३ ची चर्चा, अर्थसंकल्पावरच्या कपात सूचना, अशी बरीच आयुधं आहेत. औचित्याचा मुद्दा मांडायला सोपा, उत्तराची हमी नाही, म्हणून तो नुसता मोजू नका. विधान परिषदेलाही विसरू नका, कोकण पदवीधर आणि कोकण शिक्षक मतदारसंघांचे आमदार तिथे आहेत आणि त्यांना कोणी काही विचारतच नाही.

विधिमंडळाच्या साइटवर प्रश्नांच्या याद्या आणि कार्यवाही असते. शोधायला वेळ लागतो, कार्यवाहीची प्रत असुधारित असते, नावं-आकडे कधी कधी चुकलेले असतात, तेव्हा वाद घालायच्या आधी दोनदा बघा. आमदारांच्या हजेरीसाठी विधानमंडळ सचिवालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा, अधिवेशन आणि तारखा नेमक्या लिहा, "आजपर्यंतची सर्व माहिती" असं लिहिलंत की अर्ज परत येतो. प्रजा फाउंडेशन आमदारांचं प्रगतिपुस्तक काढतं, पण त्यात महाराष्ट्रातले फक्त मुंबईचेच आमदार असतात, आपलं आपल्यालाच करावं लागेल.

समित्यांचं काम दारं बंद करून चालतं म्हणून ते दिसत नाही, पण खासदाराचं अर्धं खरं काम तिथेच होतं. संसदेच्या २४ विभागीय स्थायी समित्या, प्रत्येकीत ३१ जण, मंत्री त्यात नसतात. अहवालाच्या शेवटी बैठकांचं इतिवृत्त जोडलेलं असतं आणि त्यात त्या दिवशी कोण हजर होतं त्यांची नावं असतात, ही हजेरी सभागृहातल्या हजेरीपेक्षा जास्त बोलकी. कोणी असहमतीचं टिपण दिलं असेल तर तेही छापलेलं मिळतं.

खाजगी विधेयकांचा आकडा बघून भुलू नका आणि हेटाळणीही करू नका. स्वातंत्र्यानंतर आजवर १४ च खाजगी विधेयकं संसदेत मंजूर झालीत, शेवटचं १९७० मध्ये. तरी ती व्यर्थ नसतात. आपल्याच राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी १९६७ मध्ये गोलकनाथ निकालानंतर (संसदेला मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं तो) संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार परत मिळावा म्हणून खाजगी विधेयक आणलं, देशभर त्यावर चर्चा झाली, संयुक्त समितीकडे गेलं, मंजूर झालं नाही, जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले आणि त्याच वर्षी सरकारने २४ वी घटनादुरुस्ती केली ती त्याच दिशेची होती. कार्डावर हे "खाजगी विधेयकं मंजूर: ०" असं आलं असतं. विधेयक उघडून वाचा, उद्देश आणि कारणांचं निवेदन एखाद-दोन पानांचंच असतं, त्यावरून कळतं की माणसाने मनापासून लिहिलंय की आकडा वाढवायला टाकलंय.

खासदार निधीचं एका वाक्यात सांगतो, वर्षाला ५ कोटींचा तो निधी, त्यातली समाजमंदिरं आणि पाखाड्या हे संसदेतलं काम नव्हे, ते वेगळ्या वहीत लिहा.

तुम्ही काय करायचं ते असं. सगळ्या आकड्यांच्या मागे लागू नका. वाडीने एकच विषय धरावा, तुमच्याकडे एलईडी मासेमारी असेल, शेजारच्या गावात खारबंधारा असेल. त्या विषयावर गेल्या दोन-तीन वर्षांत आमदार आणि खासदार यांनी काय विचारलं, काय उत्तर आलं, मंत्र्याने काय कबूल केलं आणि ते झालं का, एवढंच एका वहीत तारखेवार उतरवा. मग अधिवेशनाच्या आधी, म्हणजे मार्चचं अर्थसंकल्पी, पावसाळी आणि डिसेंबरचं नागपूरचं, यांच्या किमान दीड-दोन महिने आधी आमदाराच्या ऑफिसात जा आणि प्रश्नाचा कच्चा मसुदा लिहूनच द्या. निवेदन देऊ नका, निवेदनांचे गठ्ठे असतात, ती कोणी वाचत नाही, मी त्याच खोलीत बसायचो म्हणून सांगतो. मसुदा एका पानात, मागच्या उत्तराचा प्रश्न क्रमांक आणि तारीख वर, गावाचं, बंदराचं नेमकं नाव, खात्याचं नाव, आणि विचारायचे आकडे. सोबत वर्तमानपत्राचं कात्रण किंवा खात्याशी झालेल्या पत्रव्यवहाराची झेरॉक्स, कारण प्रश्न लावताना आधार लागतो. ऑफिसात जो मुलगा किंवा मुलगी प्रश्न टाइप करते त्यांचं नाव आणि नंबर विचारून घ्या, मसुदा त्यांच्याच हातात द्या, आणि त्याचीच एक प्रत विधान परिषदेतल्या दुसऱ्या पक्षाच्या आमदारालाही द्या, दोन सभागृहांत दोन बाजूंनी प्रश्न लागला तर खात्याला एकच उत्तर दोन्हीकडे चिकटवताना विचार करावा लागतो. उत्तर आलं की पंधरा दिवसांत त्यातला खोटा किंवा अर्धवट भाग शोधून त्यांना परत कळवा, लगेच, पुढच्या अधिवेशनाची वाट न बघता.